भिंगाचें ओझें

उडत्या पक्ष्याचें उत्तम छायाचित्र पाहिलें म्हणजे आपण त्याचे पंख पाहतों, डोळ्यांतील चमक पाहतों, फार तर कॅमेऱ्याची व भिंगाची चौकशी करतों. ज्या हातांनीं तें भिंग त्या क्षणीं तोलून धरलें होतें त्यांची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. छायाचित्रणाचा जो इतिहास वाचावयास मिळतो तोही बहुतेक कांचेचा, रसायनांचा आणि यंत्रांचा असतो. हातांचा उल्लेख त्यांत ओझरताच येतो. लांब पल्ल्याचीं जड भिंगें, ज्यांना आपण टेलिफोटो म्हणतों, तीं तिपाईवरून उतरून माणसाच्या हातांत कशीं आलीं, आणि त्यामुळें माणूस व वन्य जीव यांच्या संबंधांत काय पालट झाला, हें या लेखांत थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय वरवर पाहतां कारागिरीचा आहे. परंतु त्याच्या पोटांत एक नीतीचा प्रश्न दडलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम थोडें गणित मांडलें पाहिजे. भिंगाचें नाभीय अंतर जितकें मोठें तितकी दूरची वस्तु फिल्मवर मोठी उमटते. ६०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगानें ३० मीटरांवरचा पक्षी जेवढा उमटतो, तेवढाच तो ५० मिलिमीटरच्या साध्या भिंगानें उमटावा अशी इच्छा असेल, तर अडीच मीटरांवर जाऊन उभें राहिलें पाहिजे. अडीच मीटरांपर्यंत माणसाला येऊं देणारा रानपक्षी विरळाच. तेव्हां लांब भिंग हें मुळांत अंतर राखण्याचें साधन आहे. पक्ष्याला त्याच्या जागीं व आपल्याला आपल्या जागीं ठेवून भेट घडवून आणणारा तो मध्यस्थ होय.

हा मध्यस्थ आपली दलाली मात्र वजनाच्या रूपानें घेतो. ६०० मिलिमीटरच्या भिंगांतून पुरेसा उजेड आंत यावा, म्हणजे छायाचित्रकारांच्या भाषेंत तें एफ-४ चें असावें, असें म्हटलें कीं त्याच्या पुढच्या कांचेचा व्यास १५० मिलिमीटर, म्हणजे एखाद्या बशीएवढा, झालाच पाहिजे. शिवाय भिंग जसें पक्ष्याला मोठें करतें तसेंच तें हाताच्या कंपालाही मोठें करतें. समजा, हातांतील कॅमेरा सेकंदास एक अंश या गतीनें ढळत आहे. ५०० मिलिमीटरच्या भिंगामागें प्रतिमा त्यामुळें सेकंदास सुमारें पावणेनऊ मिलिमीटर सरकेल. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरतें उघडलें तर प्रतिमा ०.१७ मिलिमीटर फासली जाईल व चित्र वाया जाईल. पांचशेव्या भागापुरतें उघडलें तर हें फासणें ०.०१७ मिलिमीटरवर येईल आणि डोळ्यांना सहज खपून जाईल. भिंग ५०० मिलिमीटरचें असेल तर शटर सेकंदाच्या पांचशेव्या भागापेक्षां अधिक वेळ उघडें ठेवूं नये, ३०० चें असेल तर तीनशेव्या भागापेक्षां ठेवूं नये, हा लहान फिल्म वापरणाऱ्यांचा तोंडपाठ नियम याच हिशेबाला धरून आहे.

आरंभींच्या छायाचित्रकारांना हा हिशेब जमणें शक्यच नव्हतें. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ओल्या कांचेच्या पद्धतींत एका चित्रास कित्येक सेकंद लागत, व कांच ओली आहे तोंवरच सर्व विधि उरकावा लागे. तिपाई म्हणजे त्या काळच्या कॅमेऱ्याचे पायच होते. १८७१ सालीं रिचर्ड लीच मॅडॉक्स यानें जिलेटिनच्या कोरड्या कांचेची कल्पना मांडली. तींत सुधारणा होतां होतां पुढच्या दशकांत सेकंदाचा लहानसा अंशही चित्रास पुरूं लागला, आणि हाताला प्रथमच वाव मिळाला.

त्याचा प्रवेश मोठा नाट्यमय आहे. एत्येन-ज्यूल मारे हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ, पक्षी उडतो कसा, या प्रश्नानें पछाडलेला होता. १८८२ सालीं त्यानें छायाचित्रणाची एक बंदूकच बनविली. तिला दस्ता होता, नळी होती, घोडा होता. नळींत गोळीऐवजीं भिंग होतें, आणि मागें फिरत्या चकतीवर सेकंदास १२ चित्रें उमटत. प्रत्येक चित्रास सेकंदाचा ७२० वा भाग पुरे. दस्ता खांद्याला लावून मारे उडत्या पक्ष्यावर नेम धरी, घोडा ओढी, आणि पक्षी आपल्या वाटेनें निघून जाई. भिंग हातांत घेऊन जिवंत प्राण्याच्या मागोमाग फिरविण्याचा हा आरंभींचा मोठा प्रयोग बंदुकीच्या रूपानें व्हावा, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आपल्या भाषेनें तर हें नातें एका शब्दांतच गोंवून ठेवलें आहे. चिमणी दाणे टिपते, शिकारी सावज टिपतो, आणि छायाचित्रकार क्षण टिपतो. या तिघांच्या टिपण्यांत दुसऱ्याचें काय जातें, हा विचार आम्ही शेवटीं पुन्हां करणार आहों.

मारेच्या बंदुकीनें गति पकडली. दूरचें जवळ आणण्याचें काम अजून व्हावयाचें होतें. १८९१ सालीं लंडनचा थॉमस डॅलमेयर, बर्लिनचा अडोल्फ मीथे आणि म्युनिकचा अडोल्फ स्टाइनहाइल या तिघांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें टेलिफोटो भिंगाची रचना सिद्ध केली. पुढें प्रकाश एकवटणारीं भिंगें आणि मागें तो किंचित् फांकविणारीं भिंगें, अशी ही जोडी असते. तिच्या योगानें नळी आंखूड राहूनही नाभीय अंतर लांब होतें. परंतु प्रतिमा मोठी झाली तशी ती मंदही झाली, व शटर पुष्कळ वेळ उघडें ठेवणें भाग पडलें. डोंगरांना आणि इमारतींना हें मानवलें. पक्षी तेवढा वेळ थांबेना.

अशा स्थितींत रानांतील जीवांचीं चित्रें काढूं पाहणाऱ्यांनीं दोन मार्ग पत्करले. पहिला वेषांतराचा. यॉर्कशायरच्या रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनीं १८९५ सालीं पक्ष्यांच्या घरट्यांवरील आपलें पुस्तक प्रत्यक्ष जागेवर काढलेल्या छायाचित्रांनीं सजवून प्रसिद्ध केलें. पुढें पक्ष्यांच्या जवळ पोंचण्यासाठीं त्यांनीं बैलाचें कातडें सांगाड्यावर चढवून एक पोकळ बैल केला, आणि कॅमेऱ्यासह त्याच्या पोटांत शिरून ते बसूं लागले. ऐकून हंसूं येतें. परंतु अडीच मीटरांचें गणित ज्यानें मनाशीं मांडलें आहे तो फार हंसणार नाहीं. दुसरा मार्ग गैरहजेरीचा. आपल्याकडे संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनीं वाघाच्या वाटेवर कॅमेरा मांडून आडवी तार बांधली. रात्रीं वाघाचें पाऊल तारेला लागलें कीं लख्ख उजेड पडे, आणि वाघ आपलें चित्र आपणच काढून घेई. त्यांचें ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हें पुस्तक १९२७ सालीं निघालें. दोन्ही मार्गांनीं मोलाचीं चित्रें मिळालीं. मात्र पहिल्या मार्गांत पक्षी घरट्याशीं बांधलेला असावा लागे, आणि दुसऱ्यांत प्राणी ठराविक वाटेनें येणारा असावा लागे. स्वच्छंद उडणारा, चरणारा, झुंजणारा जीव दोहोंच्याही हातीं लागेना. त्यासाठीं छायाचित्रकारानें मोकळें झालें पाहिजे होतें, आणि मोकळें होणें म्हणजे तिपाई सोडणें.

ही मोकळीक लहान फिल्मनें आणली. तिच्यापूर्वीं दूरचें टिपणारीं यंत्रें किती अवजड असत याची कल्पना अमेरिकेंतील वृत्तपत्रांच्या ‘बिग बर्था’ कॅमेऱ्यावरून यावी. बेसबॉलचे सामने टिपण्यासाठीं योजलेल्या या कॅमेऱ्याला पहिल्या महायुद्धांतील एका जर्मन तोफेचें नांव पडलें होतें, आणि तोफेप्रमाणेंच तो बैठकीवर बसवून चालवावा लागे. १९२५ सालीं जर्मनींत लायका कॅमेरा बाजारांत आला. त्याचें चित्र अवघें २४ मिलिमीटर उंच व ३६ मिलिमीटर रुंद. फिल्म लहान झाल्यामुळें तोच दूरचा देखावा टिपण्यास पूर्वीच्या मानानें बरेंच आंखूड भिंग पुरूं लागलें. १९३६ च्या बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांसाठीं त्साइस कारखान्यानें १८० मिलिमीटरचें, एफ-२.८ चें झोनार भिंग तयार केलें. त्याच वर्षीं ड्रेस्डेनच्या किने-एक्झाक्टा या लहान फिल्मच्या कॅमेऱ्यांत, भिंगांतून येणारें दृश्यच आरशाच्या योगानें पाहण्याची सोय झाली. लांब भिंग हातांत धरणाऱ्याला ही सोय म्हणजे दुसरा डोळाच होता. १९५४ सालीं ट्राय-एक्स ही मंद उजेडांतही काम देणारी फिल्म लहान कॅमेऱ्यांसाठीं मिळूं लागली. आणि १९६५ सालीं सोव्हिएत रशियाच्या कारखान्यांतून ‘फोटोस्नायपर’ बाहेर पडला: ३०० मिलिमीटरचें भिंग, खालीं पिस्तुलासारखी मूठ, मागें खांद्याला टेकण्यास दस्ता, बोटाखालीं घोडा. मारेची बंदूक ८३ वर्षांनीं बाजारांत विक्रीस आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तथापि दस्ता लावल्यानें हात आपोआप स्थिर होतो असें नाहीं. मनुष्याच्या हाताला एक स्वाभाविक कंप आहे. तो सेकंदास सुमारें ८ ते १२ वेळां होतो, व निरोगी तरुणाच्या हातांतही तो असतोच. त्यांत श्वासाची हालचाल, नाडीचा ठोका आणि स्नायूंचा थकवा यांची भर पडते. वजनाचा स्वभाव येथें दुहेरी दिसून येतो. जड वस्तु बारीक कंपाला सहज दाद देत नाहीं, म्हणून पहिले कांहीं क्षण जड भिंग हलक्या भिंगापेक्षां स्थिर वाटतें; पण थोडा वेळ लोटला कीं दंड भरून येतात, आणि बारीक कंपाच्या जागीं मोठे हेलकावे सुरू होतात. म्हणून जाणता छायाचित्रकार भिंग सारखें डोळ्याशीं धरून बसत नाहीं. पक्षी उठण्याच्या बेतांत आहे हें त्याच्या मानेवरून व पायांवरून ओळखून मगच तो तें उचलतो. डावा तळहात भिंगाखालीं, जेथें त्याचा तोल आहे तेथें असावा. कोपरें बरगड्यांना टेकलेलीं असावींत. पाय किंचित् फांकलेले असावेत. आणि अर्धा श्वास सोडून, उरलेला रोखून, बोटानें बटण हळूच दाबावें, झटका देऊं नये. पक्षी उडत असेल तर नुसतें स्थिर राहणेंही पुरेसें नाहीं. कंबरेपासून सर्व अंग त्याच्या गतीनें वळलें पाहिजे, आणि बटण दाबून झाल्यावरही क्षणभर वळत राहिलें पाहिजे. तिपाई स्थिर असते, हात स्थिर राहतो. या दोन क्रियापदांतील फरक ज्याच्या अंगवळणीं पडला त्याला ही विद्या आली.

आपल्या देशांत या विद्येचें जें उदाहरण आम्हांस सर्वांत बोलकें वाटतें तें मद्रासचे निसर्गलेखक माधवय्या कृष्णन् यांचें. ते १९१२ सालीं जन्मले व १९९६ सालीं निवर्तले. १९५० पासून अखेरपर्यंत त्यांनीं कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ पत्रांत निसर्गविषयक सदर चालविलें. छायाचित्रें ते कृष्णधवल काढीत, आणि त्यासाठीं एका बनावटीचा कॅमेरा, दुसऱ्या बनावटीचें लांब भिंग, व उरलेले जोड स्वतःच्या हातचे, असें एक यंत्र त्यांनीं जुळविलें होतें. त्याला ते थट्टेनें ‘सुपर पाँडेरोसा’ म्हणत; अवजडपणा त्याच्या नांवांतच आहे. रानांत ते पुष्कळदां पाळीव हत्तीच्या पाठीवरून चित्रें काढीत. हत्तीच्या पाठीवर तिपाई कोठें मांडावी? हत्ती उभा राहिला तरी त्याचा श्वास चालू असतो, कान हलत असतात, मधूनच तो पाय बदलतो; स्वाराला आपला कंप आणि हत्तीचा डोल हीं दोन्ही सांवरावीं लागतात. या कष्टांचा मोबदलाही तसाच आहे. हत्तीवर बसलेल्या माणसाची रानांतील जनावरें फारशी धास्ती घेत नाहींत, आणि त्यांचा व्यवहार न बिघडवितां पाहतां येतो. कृष्णन् यांनीं केलेली द्वीपकल्पांतील मोठ्या सस्तन प्राण्यांची पाहणी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९७५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. छायाचित्र हें त्यांच्या लेखीं पाहण्याचें अंग होतें. पाहणें आधीं, टिपणें मागाहून.

त्यांच्या हयातींतच हाताचा भार यंत्रानें उचलण्यास आरंभ झाला. १९९५ सालीं कॅनन कंपनीनें ७५ ते ३०० मिलिमीटरचें असें भिंग काढलें कीं, त्यांतील सूक्ष्म साधनें हाताचा कंप मोजीत, आणि आंतील भिंगांचा एक गट कंपाच्या उलट सरकवून प्रतिमा जागच्या जागीं राखीत. १९९९ सालीं हीच युक्ति ५०० व ६०० मिलिमीटरच्या मोठ्या भिंगांत आली. पुढें वजनही उतरलें. त्याच कंपनीचें ६०० मिलिमीटरचें एफ-४ भिंग १९९९ सालीं ५३६० ग्रॅमचें होतें. २०१२ सालीं बाजारांत आलेलें ३९२० ग्रॅमचें झालें. २०१८ सालचें ३०५० ग्रॅमवर आलें. या शेवटच्या भिंगांत जड कांचा पुढच्या टोकापासून कॅमेऱ्याकडे सरकविल्या, त्यामुळें त्याचा तोलही हाताच्या जवळ आला. दुबळ्या दंडांच्या माणसालाही आज जें साधतें तें पूर्वीं पहिलवानालाच साधलें असतें. याचा आम्हांस आनंदच आहे. यंत्र सांवरतें तो मात्र हाताचा कंप. पंखांची फडफड थांबविण्यास अजूनही चपळ शटरच लागतें, आणि पक्ष्याला आपला उपद्रव होतो आहे कीं काय, हें कोणतेंही भिंग सांगत नाहीं.

येथें नीतीचा प्रश्न पुढें येतो. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडील शिकाऱ्यांच्या बंदुका खालीं ठेवविल्या; नेम धरण्याची हौस भिंगांत उतरली. हा पालट चांगलाच झाला. पण त्या हौसेबरोबर सावजाच्या जवळ जाण्याची जुनी ओढही भिंगांत उतरली कीं काय, अशी शंका आम्हांस एका प्रसंगानें आली.

उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर भिगवणनजीक हिंवाळ्यांत रोहित पक्षी येतात, व ते होडींतून पाहावयाचे असतात. होडी डोलते, तेथें तिपाईचा उपयोग नाहीं. सर्वजण भिंगें हातांत घेऊनच बसतात. मागें एकदां आमच्या होडींत एक वयस्क गृहस्थ होते. त्यांचें भिंग जुन्या घडणीचें, चांगलें पांच किलोंच्या घरांतलें. ते थोड्या थोड्या वेळानें तें मांडीवर ठेवीत, दंड चोळीत आणि पुन्हां उचलीत. शेजारीं एक तरुण होता. त्याचें भिंग नवें व हलकें होतें. थवा बऱ्याच अंतरावर माना पाण्यांत घालून चरत होता.

तरुण नावाड्याला म्हणाला, “दादा, अजून जरा जवळ घ्या ना. नुसते ठिपके येतायत.”

“जवळ गेलों तर उठतील बघा, साहेब,” नावाडी म्हणाला.

“असूं दे कीं तिथंच,” वयस्क गृहस्थ म्हणाले, “खातायत बिचारे.”

“काका, इतक्या लांब आलोंय ते काय ठिपके न्यायला?”

होडी पुढें गेली, आणि थवा उठला. तांबड्या-काळ्या पंखांचा तो देखावा अत्यंत सुंदर होता. शटरें खडखडलीं, आमचेंही खडखडलें, हें कबूल केलें पाहिजे. पण दोन मिनिटांत तेवढें पाणी रिकामें झालें. परततांना पाहिलें तों काकांचें भिंग मांडीवरच होतें. त्यांनीं तें उचललेंच नव्हतें. आम्ही त्या दिवशीं घेतलेलें चित्र चांगलें आलें आहे, तरी तें कोणाला दाखवावेंसें वाटत नाहीं. त्यांतला प्रत्येक पक्षी आमच्यापासून दूर पळत आहे.

द्रोणाचार्यांनीं घेतलेल्या परीक्षेची गोष्ट आपण मुलांना सांगतों: अर्जुनाला झाड दिसलें नाहीं, फांदी दिसली नाहीं, पक्ष्याचा फक्त डोळा दिसला. ती सांगतांना तो पक्षी कृत्रिम होता, हें मात्र आपण विसरतों. कृत्रिम पक्ष्याचा डोळाच तेवढा दिसणें हा नेमबाजाचा गुण होय. जिवंत पक्ष्याच्या बाबतींत त्या डोळ्याभोवतीं एक देह आहे, देहाला भूक आहे, आणि भोवतालचें पाणी हें त्याचें ताट आहे, एवढें ज्याला दिसलें नाहीं त्याची परीक्षा फसली, असेंच म्हणावें लागेल.

सारांश, जड भिंगाचें ओझें हें अंतराचें मोल होतें. पूर्वींच्या छायाचित्रकारांनीं तें दंडांनीं चुकतें केलें. आज तें मोल पुष्कळ उतरलें आहे; मोल उतरलें म्हणून माल टाकून देण्याचें कारण नाहीं. जें भिंग पक्ष्यापासून दूर राहतां यावें म्हणून घडलें, तेंच घेऊन पक्ष्याच्या अंगावर जाणें ही त्या भिंगाची आणि तें घडविणाऱ्यांच्या सव्वाशें वर्षांच्या खटपटीची विटंबना आहे. चिमणीच्या टिपण्यानें दाणा जातो, शिकाऱ्याच्या टिपण्यानें जीव जातो. छायाचित्रकाराच्या टिपण्यानें पक्ष्याचा घांसही जाऊं नये. पुढच्या हिंवाळ्यांत भिगवणला जाण्याचा योग आला तर नावाड्याला प्रथम काय सांगावयाचें तें आम्हीं ठरवून ठेवलें आहे: दादा, पक्षी चरत राहतील तेथेंच होडी उभी करा, उरलेलें अंतर आमचे हात सांभाळतील.